कंटेनर क्वेरी: तुमचे अनुभव लिहा

आज एक जुना प्रोजेक्ट उघडला. एकाच कार्डाचे 'कार्ड-लहान', 'कार्ड-साइडबार', 'कार्ड-साइडबार-टॅबलेट' असे क्लास बघून ते सगळे दिवस आठवले. सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मीडिया क्वेरी ब्राउझरच्या खिडकीची रुंदी बघते, कार्ड कुठे बसलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे मोठ्या स्क्रीनवरच्या अरुंद साइडबारात फोटो आणि मजकूर एकमेकांच्या उरावर. कंटेनर क्वेरी बाहेरच्या डब्याची रुंदी बघते. आता बाहेरच्या डिव्हला (म्हणजे त्या डब्याला) 'कंटेनर-टाइप: इनलाइन-साइज' दिलं आणि ४०० पिक्सेलची अट कंटेनरवर लावली की तेच कार्ड जागा बघून वागतं. तुम्ही कुठे वापरलंत?

रिकामटेकडा: फ्लेक्सच्या (डबे शेजारी-शेजारी मांडणारी रचना) ओळीत दिलं आणि डबाच गायब! रुंदी शून्य.

अर्धविराम: @रिकामटेकडा, होणारच. इनलाइन-साइज म्हटलं की आतल्या मजकुरावरून रुंदी ठरवणं बंद. 'फ्लेक्स: १' दे, उरलेली जागा तो घेईल. आणि नुसतं 'साइज' लिहिलंस तर उंचीचीही तीच गत.

चहाटळ: तरी एक जादाचा डिव्ह लागतोच ना, कंटेनरला स्वतःलाच विचारता येत नाही. वैताग.

अर्धविराम: त्याला कारण आहे. ४०० च्या वर गेल्यावर ३०० हो, असं त्यालाच सांगितलं तर बिचारा गोल गोल फिरत राहील. इतकी वर्षं घोडं तिथेच अडलं होतं. २०२२ मध्ये क्रोम १०५ आणि सफारी १६ मध्ये आलं, फायरफॉक्स ११० मध्ये फेब्रुवारी २०२३ ला.

सांजवेळ: आमच्या डॅशबोर्डवर विजेट कुठेही ओढून टाकता येतात. आधी रिसाइझ-ऑब्झर्व्हर (डब्याचा आकार बदलला की कळवणारा) लावून जावास्क्रिप्टने क्लास बदलायचो, ओढताना सगळं लुकलुकायचं. तो कोड काढला तेव्हा काय बरं वाटलं! बाळ उठलं, बाकीचं नंतर लिहिते.

खडूफळा: अटीत व्हेरिएबल (आकड्याला दिलेलं नाव) चालत नाही, ४०० चा आकडा दहा ठिकाणी लिहावा लागतो. यावर कोणी बोलत का नाही?

चहाटळ: सॅस वापर की, व्हेरिएबलच्या जागी आकडा घालून सीएसएस बनवून देतं.

खडूफळा: सॅस सोडूनच तर इकडे आलो 😭

निवांत: शीर्षकांना सीक्यूआय एकक छान, कंटेनरच्या रुंदीचा एक टक्का. पण क्लॅम्पमध्ये (किमान-कमाल मर्यादा घालणारं फंक्शन) रेमसोबत (पानाच्या मूळ अक्षराच्या मापावर चालणारं एकक) मिसळा, नुसतं ठेवलं तर झूम केल्यावर अक्षर नीट वाढत नाही.

रिकामटेकडा: फ्लेक्स १ ने झालं 🙏 आता मीडिया क्वेरी सगळ्या उडवू का?

निवांत: अरे थांब! प्रिंट, डार्क मोड, पानाचा मुख्य सांगाडा, हे तिच्याकडेच राहू दे.

टेबलवाला: तुमचं चालू द्या. आम्ही ई-मेल टेम्प्लेटवाले, अजून टेबलात टेबल.

सांजवेळ: @टेबलवाला, आउटलुक का? 😂

टेबलवाला: नाव नका काढू.