स्केट स्कीइंग: जुन्या स्कीवरचं बाइंडिंग बदलू की त्याला जुळणारे बूट शोधू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी मिनियापोलिसला राहते. क्लासिक स्कीइंग, म्हणजे आखलेल्या दोन चरांतून सरळ पुढे जाण्याचा प्रकार, बऱ्यापैकी जमतो. यंदा स्केट, म्हणजे चराबाहेर स्की तिरक्या ढकलत स्केटिंगसारखं जाण्याचा प्रकार, शिकायचंच आहे. २०२४च्या फेब्रुवारीत आमच्या थिओडोर वर्थ पार्कात विश्वचषकाच्या शर्यती झाल्या. तेव्हा अमेरिकेची स्कीपटू जेसी डिगिन्स (इथल्याच आफ्टन गावची!) चढावर ज्या ताकदीने एकेका स्कीवर झेपावत होती, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ओळखीच्या एका काकूंकडून स्केट स्कीची जुनी जोडी मिळतेय. कडकपणा माझ्या वजनाला चालेल, हे दुकानात तपासून घेतलंय. अडचण बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या भागाची आहे. त्यावर सॉलोमन कंपनीचं एसएनएस पायलट या जुन्या प्रकारचं बाइंडिंग आहे, त्याला तळाशी दोन दांड्या असलेलेच बूट लागतात. तसे नवे बूट आता बाजारात जवळजवळ नाहीतच, कारण सॉलोमन प्रोलिंक या दुसऱ्या प्रकाराकडे वळली आणि ते बूट एनएनएन या प्रचलित प्रकारच्या बाइंडिंगमध्ये बसतात. माझे क्लासिकचे बूटही एनएनएनच आहेत.

त्यात माझा पाय चवड्याला रुंद आणि टाचेला निमुळता. मापाचा बूट करंगळीला चावतो, एक माप मोठा घेतला की टाच आत उचलली जाते.

तर वापरलेले पायलट बूट शोधू की बाइंडिंग बदलून घेऊ? स्कीवर प्लेट (जिच्यावर भोकं न पाडता बाइंडिंग सरकवून बसवतात ती पट्टी) नाही, भोकंच पाडावी लागतील. आणि स्केट-क्लासिक दोन्हीला चालणारे कॉम्बी बूट घेतले तर?

प्रतिसाद १

ताई, पायलट बूट घेऊ नका. जुन्या बुटांचं प्लास्टिक आणि सोल थंडीत तडकतात, आणि ते गेले की तुम्ही पुन्हा इथेच. बाइंडिंग बदला. जुन्या भोकांत प्लग आणि गोंद भरून नवी पाडता येतात, पण हे दुकानातच करून घ्या. बोटांखालची दांडी स्कीच्या समतोल बिंदूवर यायला हवी आणि ड्रिल खोल गेलं तर स्की कामातून जाते. एनएनएनच्या पुढच्या रबराचे कडक-मऊ प्रकार असतात, स्केटला कडक. खोक्यावर ‘बीसी’ लिहिलं असेल तर ते रानावनातल्या स्कीइंगचं, तुमचे बूट त्यात बसणार नाहीत.

प्रतिसाद २

सगळ्यात आधी बूट घ्या, बाइंडिंग त्याच्या मागून. कॉम्बी नको असं माझं मत. क्लासिकचे बूट तुमच्याकडे आहेतच, मग तडजोड कशाला? स्केटमध्ये सगळं वजन एका स्कीवर तोलायचं असतं. घोटा आत कलंडला की स्की कडेवर जाते आणि सरकणं थांबतं. म्हणून घोट्याभोवतीचा ताठ पट्टा आणि कडक सोल हवाच.

दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पातळ मोजे घाला, बूट पूर्ण आवळा, गुडघा पुढे ढकला. टाच उचलली गेली तर तो बूट परत ठेवा, किंमत कितीही उतरलेली असो. मग पाय आडवा हलवून बघा, बूट आणि घोटा एकत्र हलले पाहिजेत. चवड्याला रुंद असेल तर अल्पिनाचे आवर्जून घालून बघा. काही बुटांचं अस्तर गरम करून पायाच्या आकाराचं करून देतात, करंगळीचा त्रास त्याने कमी होऊ शकतो.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कॉम्बीचा विचार सोडला. एकच शंका: नवी भोकं जुन्या भोकांच्या अगदी लगत आली तर?

प्रतिसाद १

मग स्क्रू नीट पकडत नाही. काकूंना पैसे देण्याआधी स्की दुकानात न्या आणि नव्या बाइंडिंगचा साचा वर ठेवून भोकं कुठे येतात ते बघायला सांगा. एकमेकांत घुसत असतील तर ती जोडी घेऊ नका, हिवाळा संपता संपता प्लेट असलेल्या वापरलेल्या स्की बऱ्याच निघतात.