प्रतिसाद: पेठेतली ख्रिस्ती शाळा

'मिशनची शाळा म्हणजे इंग्रजी माध्यम, आजूबाजूच्या वस्तीशी संबंध शून्य' हे मत पुण्याच्या कॅम्पातल्या मोठ्या शाळांकडे पाहून झालेलं दिसतं. गुरुवार पेठेच्या बाजूला ते लागू पडत नाही. मी शिकले ती शाळा जेमतेम सात खोल्यांची, मराठी माध्यमाची. सकाळची प्रार्थना पेटीवर व्हायची आणि त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी भजनं असायची. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं हिंदू-मुसलमान घरांतली, ती सगळी पाठ म्हणायची. नाताळात आमच्या बाई घरून करंज्यांचा डबा आणायच्या. दिवाळीत तोच डबा शेजारच्या वाड्यातून चकल्या भरून परत यायचा, रिकामा कधीच नाही.

आणि हा तोच परिसर, जिथल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून 1890 नंतर लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे ग्रामण्यात, म्हणजे जातीच्या बहिष्काराच्या वादात, अडकले होते. त्याच पेठेत आमच्या आया शाळा सुटायची वाट बघत बाईंच्या ओट्यावर बसून चहा प्यायच्या. मला या शाळेबद्दल सगळ्यात जास्त माया वाटते ती त्या ओट्यामुळे.