मदत हवी आहे: अभ्यासिकेतले सगळे फोन दारापाशीच्या एकाच ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतात

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली सकाळपासून रात्री १० पर्यंत बसतात. बरीचशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. घरी धड रेंज नसते, म्हणून सराव परीक्षा आणि व्याख्यानांचे व्हिडिओ इथल्या वाय-फायवरच चालतात. हे नेटवर्क मी सांभाळतो.

हॉल साधारण २५ मीटर लांब. छताला दोन ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वाय-फाय पसरवणारी यंत्रं): एक दारापाशी, दुसरा पार खिडकीकडच्या टोकाला. मुलींच्या अभ्यासिकेत एक, खाली वर्तमानपत्रांच्या दालनात एक, कार्यालयात एक. पाचही एकाच कंट्रोलरवर (सगळे एपी एका ठिकाणाहून सांभाळणारी यंत्रणा), वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सगळीकडे तेच. फायबर ३०० एमबीपीएसचं आहे आणि गर्दीच्या वेळीही त्यातलं निम्मं वापरलं जात नाही.

तरी संध्याकाळी ७ नंतर दाराजवळच्या एपीवर ७० च्या वर फोन-लॅपटॉप आणि टोकाच्या एपीवर जेमतेम १०. व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो, सराव परीक्षेचं पान उघडत नाही.

कारण माझ्या लक्षात आलं आहे. जिना चढून आत येतानाच खिशातला फोन दारावरच्या एपीला जोडला जातो. मग मूल टोकाच्या बाकावर जाऊन बसतं. तिथेही दारावरचा सिग्नल उणे ६६ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार) मिळतो आणि फोनला तो पुरेसा वाटतो. डोक्यावर उणे ४८ चा एपी असला तरी तो हलत नाही. आयफोन उणे ७० च्या खाली घसरल्याशिवाय दुसरा एपी शोधायलाच लागत नाही. अँड्रॉइडचं तर कंपनीगणिक वेगळं.

कंट्रोलरमधलं लोड बॅलन्सिंग (एपींवर फोन वाटून देणारी सोय) चालू करून पाहिलं. भरलेला एपी नव्या फोनला कोड १७ पाठवून नकार देतो, ‘आता जागा नाही’ म्हणून. पण नकार फक्त जोडताना मिळतो; आधी जोडलेल्यांना कोणी उठवत नाही. वर काही जुने फोन नकारानंतरही पुन्हा पुन्हा त्याच दारावर येतात आणि मुलांना ‘कनेक्ट झालं नाही’ एवढंच दिसतं. किमान सिग्नलची अटही लावली. तिने फोन तोडले, पण त्यातले काही लगेच त्याच एपीवर परतले. मधल्यामध्ये एका मुलीची सराव परीक्षा अर्ध्यात तुटली. तेव्हापासून दोन्ही बंद ठेवलं आहे.

चालू असलेली परीक्षा न तुटता हा भार कसा वाटावा? आणखी एपी घ्यायचा तर समितीकडे पैसे मागावे लागतील. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद, तारयंत्र:
एपी घेऊ नका, आहेत ते पुरेत. कुठे जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो, कंट्रोलर फार तर सुचवतो. म्हणून फोनला दारावरचा एपी दुबळा दिसेल असं करा. त्याची शक्ती बहुधा ‘ऑटो’ किंवा ‘हाय’वर असेल. वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांपैकी ५ वर २२ असेल तर १४ डीबीएम करा. टोकाच्या बाकावरचे तुमचे उणे ६६ थेट उणे ७४ होतील आणि आयफोन आपणहून हलेल. २.४ ची शक्ती त्याहूनही ६ डीबीने कमी ठेवा, म्हणजे फोन ५ कडे वळतील.

मग १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे वेग बंद करून किमान १२ ठेवा. नुसती डोकी मोजू नका, हवा कोण किती वेळ अडवतं ते पाहा. लांबून ६ एमबीपीएसवर बोलणारा एक फोन जवळच्या दहा जणांचा वेळ खातो. ८०२.११के आणि व्ही (वाय-फाय मानकातल्या जोड-सोयी) चालू करा, त्याने फोनला शेजारच्या एपींची यादी आणि ‘तिकडे जा’ अशी सूचना मिळते. ८०२.११आर (एपी बदलताना जोडणी झटपट करणारी सोय) मात्र आधी चाचणीच्या वेगळ्या नावावर. काही जुनी यंत्रं त्याने जोडलीच जात नाहीत.

प्रतिसाद, सह्यवारा:
वरच्याशी सहमत. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. तुमचे एपी पाच. हॉलमधल्या एकाचं २.४ सरळ बंद करा. ५ वर चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ असेल तर २० वर आणा. २०१८ पासून आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा विनापरवाना खुला आहे, पाचांना पाच वेगळे चॅनल आरामात मिळतील.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. शक्ती २२ वरच आहे आणि रुंदी ८०. रविवारी रात्री हॉल रिकामा झाला की बदलतो. एक शंका: कार्यालयातलं हजेरीचं जुनं यंत्र २.४ वर आहे, किमान १२ ठेवल्यावर ते चालेल का?

प्रतिसाद, तारयंत्र:
फक्त ८०२.११बी (११ एमबीपीएसपर्यंतचं जुनं वाय-फाय) जाणणारं असेल तर नाही चालणार. त्याला केबल लावता आली तर उत्तम. नाहीतर कार्यालयाच्या एपीवर वेगळं नाव काढा आणि जुने वेग तेवढ्यापुरतेच ठेवा. आणि सर, मोजमाप रिकाम्या हॉलमध्ये संपवू नका. माणसं बसली की सिग्नल आणखी पडतो. सोमवारी संध्याकाळी टोकाच्या बाकावर आणि मुलींच्या अभ्यासिकेत दार लावून पुन्हा मोजा. तिथल्या एपीचा सिग्नल उणे ६५ च्या खाली गेला तर फक्त त्याची शक्ती दोन-तीन डीबीने वाढवा, दारावरच्याची नको.