मदत हवी आहे: गॉल्जी बिघडल्यानं कॅन्सर होतो, की कॅन्सरमुळं गॉल्जी बिघडते?

नमस्कार मंडळी. लातूरला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी सेमिनार आहे आणि डोकंच चालंना झालंय.

बी.एस्सी.ला शिकलो ते सोपं होतं. संदेश पेशीच्या पडद्यावरच्या रिसेप्टरला लागतो, तिथून केंद्रकात जातो. ईआर (पेशीत प्रोटीन बनतात, त्यांच्या घड्या पडतात ती जागा) आणि गॉल्जी (तिथला माल पुढं रवाना करणारा भाग) म्हणजे नुसती हमाली. आता वाचतोय तर गॉल्जीतूनही संदेश निघतात म्हणे! ईआरमधले चॅपरोन (प्रोटीनला घडी घालायला मदत करणारी प्रोटीनं) मालासोबत गॉल्जीत येतात, त्यांच्या शेपटाला केडीईएल ही चार अमिनो आम्लांची खूण असते, रिसेप्टर ती ओळखून त्यांना परत धाडतो. पण तोच रिसेप्टर सार्क कुटुंबातल्या कायनेजनाही (संदेश पुढं नेणाऱ्या एन्झाइमांना) जागं करतो.

मी हे मोंढ्यावरून समजून घेतलं (वडील तिथंच काट्यावर असतात). ट्रॅक्टरसोबत गावचा गडी आला की आडत्याला कळतं माल आलाय. तो गड्याला परत पाठवतो आणि हमालांना हाळी देतो. बरोबर आहे का? आणि सार्क तर कॅन्सरच्या जनुकांतलं सगळ्यात जुनं नाव. मग आधी काय बिघडतं?

परभणीकर: आडत्या झकास, सेमिनारात तोच सांग. पण "आधी काय" याचं एकच उत्तर शोधू नकोस. गॉल्फ-३ हे गॉल्जीतल्या प्रोटीनचं जनुक बऱ्याच गाठींमध्ये जादा प्रतींत सापडतं आणि एमटॉरचा, म्हणजे पेशीला वाढ म्हणणारा, संदेश वाढवतं. तिथं बिघाड कारणाच्या बाजूला. उलट गाठीत ऑक्सिजन कमी पडला की ईआरमध्ये प्रोटीनच्या घड्या चुकतात, मग हा ताण ओळखणारी आयआरई-१, पर्क आणि एटीएफ-६ ही प्रोटीनं जागी होतात. हा परिणाम. ताण लांबला तर याच वाटेनं पेशी मरायला हवी, पण कॅन्सरची पेशी त्यातला जगवणारा भाग तेवढा वापरते.

उदाहरण मल्टिपल मायलोमाचं, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरचं घे. त्या प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी उपसत असतात, ईआर कायम भरलेलं. बोर्टेझोमिब हे औषध प्रोटिआसोम (खराब प्रोटीन मोडणारं पेशीतलं यंत्र) बंद करतं, बिघडलेला माल तुंबतो आणि पेशी मरते. अमेरिकेत २००३ पासून मान्य आहे.

धागाकर्ता: सर, लई उपकार. मग बाकीच्या पेशी त्यानं मरत नाहीत का?

परभणीकर: त्यांच्याकडं एवढा माल नसतो, म्हणून तगतात. पण नसांना झळ बसते, हातापायाला मुंग्या येतात. हा प्रश्न तुला सोमवारी येणारच.