दमा आणि श्वासाचे व्यायाम: कपालभाती चालेल का?

घणसोलीकर:
आईला (वय ५८) दमा आहे, इनहेलर नियमित चालू. आता कपालभाती सुरू करते म्हणतेय. चालेल? फुप्फुसांची क्षमता खरंच वाढते का?

कोपरी_पूर्व:
कपालभाती, भस्त्रिका सध्या नकोच. भराभर श्वासाने श्वासनलिका कोरड्या पडून आवळू शकतात. त्यापेक्षा पोटाने श्वास. पाठ टेकून बसायचं, एक हात छातीवर, दुसरा बेंबीच्या वर. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यायचा. पोटावरचा हात उचलला जावा, छातीवरचा जवळपास जागेवर. मग शीळ घालतो तसे ओठ करून चार अंक मोजत सोडायचा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. चूक होते ती इथे: श्वास जोर लावून ढकलतात, नाहीतर उगाच खोल घेतात. गरगरलं की थांबायचं.

वाशी_फिजिओ:
क्षमता म्हणाल तर पीक फ्लोचा (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते त्याचा) आकडा याने फारसा हलत नाही. धाप आणि घाबरणं कमी होतं, हेही थोडं नाही. पीक फ्लो मीटरवर उभ्याने तीन फुंका, त्यातला मोठा आकडा लिहा. आईच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली घसरला तर डॉक्टरांना फोन. ५० टक्क्यांखाली गेला तर रिलिव्हर (लगेच आराम देणारा इनहेलर) आणि थेट हॉस्पिटल.

घणसोलीकर:
अटॅक आला तर आधी व्यायाम?

वाशी_फिजिओ:
छे! आधी रिलिव्हर, स्पेसरमधून (इनहेलरला जोडायची नळी). ओठांचा श्वास त्यानंतर.

घोडबंदर_रोड:
आणि डंपरची धूळ उडत असताना गॅलरीत नको, खिडक्या लावून आत बसवा.