‘रोगनिश्चायक’ की ‘दर्शक’? आमवाताच्या रक्तचाचण्यांविषयी

प्रश्न (पंचवटी, नाशिक):
आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णांसाठी मी मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. रक्तातील ज्या घटकांवरून हा आजार ओळखतात, त्यांना ‘रोगनिश्चायक’ म्हणावे की ‘दर्शक’? तसेच ते घटक विजेच्या साहाय्याने मोजणाऱ्या उपकरणाला नुसते ‘जैवसंवेदक’ (बायोसेन्सर) म्हटले तर चालेल का?

उत्तर (नाशिक रोड):
‘रोगनिश्चायक’ कृपया टाळावे. अहवालात ‘आरए फॅक्टर (रुमॅटॉइड फॅक्टर) पॉझिटिव्ह’ एवढे वाचूनच घरातली माणसे आमवात झाला असे धरून चालतात. परंतु नॉर्वेचे वैद्यक संशोधक एरिक वालेर यांनी १९४० साली नोंदवलेला हा घटक हिपॅटायटिस सी मध्ये आणि काही निरोगी वृद्धांतही आढळतो, उलट आमवाताच्या काही रुग्णांत तो सापडतच नाही. अँटी-सीसीपी प्रतिपिंडे (सिट्रुलिन असलेल्या पेप्टाइडांना, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांना, चिकटणाऱ्या अँटिबॉडी) आमवाताच्या बाबतीत त्याहून अधिक विशिष्ट आहेत आणि लक्षणांच्या काही वर्षे आधीही रक्तात दिसू शकतात, तरी निदान सांधे तपासूनच करावे लागते. सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे रक्तातील प्रथिन) तर केवळ शरीरात दाह आहे एवढेच सांगते. म्हणून ‘दर्शक’ हाच शब्द प्रामाणिक आहे.

‘जैवसंवेदक’ योग्यच आहे, मात्र त्यातील ‘जैव’ हे विशेषण मोजल्या जाणाऱ्या पदार्थाचे नसून त्याला ओळखून पकडणाऱ्या भागाचे आहे, हे पत्रकात स्पष्ट करावे. अँटी-सीसीपीसाठी कार्बनच्या किंवा सोन्याच्या विद्युत् अग्रावर (इलेक्ट्रोडवर) सिट्रुलिनयुक्त पेप्टाइड बसवतात; रक्तरसातील प्रतिपिंडे त्याला चिकटली की अग्राच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण अवघड होते, संरोध (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) वाढतो, आणि त्या वाढीवरून प्रतिपिंडांचे प्रमाण काढता येते. प्रकाशावर चालणारे जैवसंवेदकही असल्यामुळे ‘विद्युत् रासायनिक’ हे विशेषण निदान पहिल्या उल्लेखात तरी ठेवावे. पुढे ‘बायोसेन्सर’ लिहिले तरी हरकत नाही, कारण घरोघरी असलेले साखर मोजण्याचे यंत्र त्याच जातीचे आहे. आमवातासाठीची अशी उपकरणे मात्र अजून बहुतांशी संशोधनाच्या टप्प्यावर आहेत, हेही अवश्य लिहावे.

पुरवणी (सिडको, नाशिक):
पत्रकाच्या शीर्षकात ‘संधिवात’ लिहू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आपल्याकडे उतारवयातील गुडघ्यांच्या झिजेलाही संधिवातच म्हणतात, आणि शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटल्यामुळे होणारा आमवात हा त्याहून निराळा आजार आहे. झिजेच्या दुखण्यात वरील दर्शकांची तपासणी सहसा लागत नाही, त्यामुळे शीर्षक वाचून नको ते रुग्ण चाचणीसाठी रांगेत उभे राहतील.