सुट्टा खजूर, चुन्याचा हात आणि आमचे नाना

पिंप्राळ्याची_सून (जळगाव)

मंडळी, एक विचारायचंय. जरा लांबेल.

घरापासून पाच मिनिटांवर मोठं सुपर मार्केट झालंय. नाव घेत नाही, कारण दोष दुकानाचा किती आणि आपला किती हेच मला ठरवता येत नाहीये. आत शिरलं की डाव्या हाताला सुट्ट्या मालाची रांग. शेंगदाणे, साबुदाणा, डाळी, पुढे खजूर, मनुका आणि शेवटी भाजीची जाडी तिखट शेव. सगळं उघड्या डब्यांत.

आषाढीच्या आदल्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्यापुढे एक गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, तळहातावर तंबाखू मळत उभे. बार भरला, हात हातावर झटकले आणि रोलवरची ती पातळ पिशवी ओढली. ती पिशवी कधी एका दमात उघडते का? त्यांनी बोट जिभेला लावलं, चोळलं. नाही उघडली. पुन्हा लावलं. शेवटी पिशवी तोंडाशी धरून, भरल्या तोंडानं, आत फुंकर मारली. पिशवी फुगली आणि तोच हात थेट खजुरात. एकेक खजूर दाबून बघायचा. मऊ लागला तर पिशवीत, कडक लागला तर परत डब्यात. चिमटा शेजारीच दोरीला लटकत होता. परत टाकलेल्या एका खजुरावर चुन्याचा पांढरा ठसा होता, अंगठ्याएवढा.

तोंडापर्यंत आलेलं बोलणं मी गिळलं. कारण माझ्या मागे आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, शेंगदाण्यांच्या डब्यापाशी होते. मूठभर दाणे घ्यायचे, तळहातावर चोळायचे, फुंकर मारून फोलपटं उडवायची (उडून पडणार कुठे, डब्यातच), दोन तोंडात टाकायचे आणि उरलेले परत डब्यात. मग पुढचा डबा. पारोळ्याकडचे माणूस, वय 74, उभा जन्म आठवडे बाजार केलेला. मी हळूच म्हटलं, "नाना, हात नका घालू." तर म्हणे, "दाना चाखाशिवाय कसा लेवाना बेटा?"

तर विचारायचं असं की, यानं खरंच काही होतं का, की मला नुसती किळस वाटतेय? परक्या माणसाला टोकायचं कसं? आणि नानांना? ते सगळ्यात अवघड.

लॅबवाली_धुळे

किळस आणि धोका वेगवेगळे असतात, ताई. आधी डब्यातला माल घरी जाऊन काय होणार ते बघा. डाळ धुऊन शिजते. कच्चे दाणे भाजले जातात. भरिताचं वांगं बाजारात वीस जणांनी दाबलेलं असो, कपाशीच्या काड्यांवर भाजून साल काढल्यावर त्या वीस जणांचं काय उरतं? नानांच्या दाण्यांचं म्हणूनच मी फार मनावर घेणार नाही. अर्थात ते घरी भाजणार असाल तर. तिथेच उभं राहून कच्चे खाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

खजूर आणि शेवेचं मात्र तसं नाही. ते थेट तोंडात जातात. कोरड्या मालात जंतू वाढत नाहीत हे खरं, पण मरतातच असंही नाही. साल्मोनेला कोरड्या पदार्थात महिनोनमहिने तग धरतो. नाकात, कातडीवर राहणारा स्टॅफिलोकॉकस तर आपल्यातल्या कितीतरी निरोगी माणसांच्या अंगावर असतो; तो पनीर-खव्यासारख्या ओल्या पदार्थात पडला आणि पदार्थ बाहेर उष्म्यात राहिला, की विष तयार करतो. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. 5 ते 60 अंश ही जंतू वाढायची पट्टी, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर. म्हणजे दुकानाचा एसी चालू असो की बंद, सगळं दुकानच त्या पट्टीत.

संडासहून आल्यावर न धुतलेल्या हातानं कावीळ (अ प्रकारची) आणि उलट्या-जुलाब पसरतात, ते चुन्याच्या ठशासारखं दिसत नाही. तुम्ही बघितलेला हात निदान कळला तरी! आणि नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही, उलट्यांच्या काही विषाणूंना ते फारसं जुमानत नाही. साबणानं 20 सेकंद हात धुतलेले बरे.

किराणा_चोपडा

दुकानदार म्हणून लिहितो. आमच्या आजोबांच्या वेळी गिऱ्हाईक ओट्याच्या अलीकडे आणि माल पलीकडे. चाखायचं असेल तर आजोबाच दोन दाणे काढून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे. नानांची सवय त्या दुकानातली आहे. पाच वर्षांपूर्वी मी सेल्फ सर्व्हिस केली. ओटा गेला, मधला दुकानदार गेला, चाखायची सवय तेवढी राहिली. लोकांना शिव्या देऊन काय होणार?

मग सुट्टं विकताच कशाला म्हणाल, तर लोकांना पाव किलो, दहा रुपयांचं असं लागतं. शिवाय 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळाला 5 टक्के जीएसटी आहे, सुट्ट्याला नाही.

माझ्याकडे मी काय केलं ते सांगतो. शेव काचेआड नेली, पोऱ्या मोजून देतो. खजूर अर्ध्या अर्ध्या किलोच्या डब्यांत भरला. महिनाभर खप पडला, बायका म्हणायच्या "निवडू देत नाही हा", मग बसली गाडी. डाळींच्या डब्यांना आपोआप पडणारी झाकणं, आणि मापटं आखूड साखळीला, म्हणजे मूठ मालात बुडत नाही. आणि जुन्यावर नवा माल ओतायचा नाही, डबा रिकामा करून पुसायचा. हे शेवटचं कुणाला दिसत नाही, पण घाण तळाशीच साठते.

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली माल झाकून, स्वच्छ ठेवणं ही जबाबदारी दुकानदाराची. त्या माणसाला टोकू नका, मॅनेजरला गाठा आणि सांगा की हा डबा आता उतरवा. खजुराला झाकण का नाही, तेही विचारा.

टोपणनाव_भो

काय सांगू भो, आम्हना गावना बाजारमा तं शेव चाखता चाखता लोकेस्ना नाश्ता हुई जास. 😄

निवृत्त_रोखपाल (भुसावळ)

मी फक्त पिशवीवर बोलतो, कारण मला तेवढंच कळतं. तीस वर्षं नोटा मोजल्या, थुंकी एकदाही लावली नाही. टेबलावर ओला स्पंज असायचा. दुकानात पिशव्यांच्या रोलशेजारी दहा रुपयांचा स्पंज वाटीत ठेवा, रोज सकाळी धुऊन पाणी बदला, नाहीतर तोच घाणीचं घर व्हायचा. स्पंज नसेल तर पिशवीचं तोंड दोन्ही तळव्यांत धरून वातीसारखं वळा, उघडते.

पिंप्राळ्याची_सून

सगळ्यांना धन्यवाद. काल नानांना घेऊन पुन्हा गेले. आधीच मॅनेजरला गाठून खजुराचं सांगितलं. तो "बघतो मॅडम" म्हणाला, म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मग दाण्यांपाशी उभ्या पोराला म्हटलं, "दादा, आमच्या नानांना जरा दाणे दाखवता का?" त्यानं मापट्यानं चार दाणे काढून नानांच्या हातावर ठेवले. नानांनी चोळले, डब्याकडे पाठ करून फुंकर मारली (हे मी शिकवलेलं नाही), चावले आणि पोराकडे असं बघितलं जसं काही त्यानंच पेरले होते.

"खवट शे. ऱ्हाऊ दे."

दाणे घेतले नाहीत. साबुदाणा घेतला. मी पिशवी वातीसारखी वळून बघितली, तिसऱ्या वेळी उघडली. तोपर्यंत नानांनी बोट जिभेला लावलेलं होतं.